बत्तीवाडीची वाट

"दारात आई उभी आहे," गेमसाठी लिहिलेला प्रसंग मी वाचत होते. "मुलगा होडी घेऊन गेला तो परत यायचा नाही, हे तिला अजून माहीत नाही. मुलीला मात्र माहीत आहे. मुलगी आईकडे बघते आणि..."

"मी आईकडे बघत नाही," टिपणीस मॅडम म्हणाल्या. "मी कोपऱ्यातली मडकी फोडते."

"मडकी?"

"तूच लिहिलंयस ना, कोपऱ्यात मडक्यांची उतरंड म्हणून? मी खेळणारी आहे. मुलगी माझ्या हातात आहे. मला दिसली मडकी, मी फोडली. आता पुढे काय होतं ते सांग."

पुढे काय होणार? पुढे माझ्याकडे आईचं स्वगत होतं, चांगलं दोन पानांचं. असल्या स्वगतांवर कॉलेजात असताना मी एकांकिकांची बक्षिसं मारली होती. मुलगी मडकी फोडत असताना आई ते कसं म्हणणार, हे काही मला सुचेना. मी कागद नुसते खालीवर करत राहिले.

पलीकडून, माझ्याबरोबरच शिकायला आलेला अक्रम म्हणाला, "पहिली दोन मोकळी असत्यात, मॅडम. तिसरं फोडलं की आई मागं न बघताच म्हणती, 'अगं, त्यात त्याच्यासाठी लोणचं मुरत घातलंय.'"

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग अक्रमकडे वळून म्हणाल्या, "पुन्हा सांग."

त्यानं पुन्हा सांगितलं. मला ते पहिल्यांदा ऐकतानाच कळलं होतं. लोणच्याच्या एका मडक्यात माझी दोन पानं बुडाली होती, आणि पोरगा पेन्सिलीनं कान खाजवत बसला होता.

त्याला आता बरीच वर्षं झाली. रोहिणी टिपणीस हे नाव बाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, पण गेमच्या कथा लिहिण्यात त्यांची हयात गेली होती. परदेशातल्या कंपन्यांसाठी खूप लिहून झाल्यावर त्या पुण्याला परत आल्या आणि कर्वेनगरात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर त्यांनी स्वतःची छोटी कंपनी काढली. खालच्या मजल्यावर पोळी-भाजी केंद्र होतं. दुपार जवळ आली की फोडणीच्या वासानं आम्हा सगळ्यांचं लक्ष उडायचं. त्यांना मराठीतून एक मोठा गेम करायचा होता. खाडीच्या मुलखातली एक पोर हरवलेल्या भावाला शोधत गावोगाव हिंडते, असा. त्यासाठी लिहिणारं माणूस हवं होतं म्हणून त्यांनी शिकायला दोघांना घेतलं, मला आणि अक्रम मुजावरला. दिवाळीपर्यंत दोघांनी शिकायचं आणि मग एकानंच राहायचं. दोघांना पोसण्याइतकी कंपनी मोठी नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगून टाकलं होतं.

मी त्याआधी मालिका लिहायचे. सासूनं सुनेकडे रोखून बघितलं की ते बघणं आठवडाभर पुरवायचं, हे माझं काम. एक दिवस त्या लोकांना चार शब्द सुनावून मी बाहेर पडले होते, आणि असे सुनावले होते की परत जायला तोंड उरलं नव्हतं. ही जागा मला मिळायलाच हवी होती.

अक्रम मिरजेचा. वडिलांचं सायकलचं दुकान, स्वतःचं इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडलेलं. सगळी शाळा त्यानं गेम पार्लरमध्ये काढली होती आणि ते तो मोठ्या अभिमानानं सांगायचा. जन्मात एक नाटक बघितलं नव्हतं. पहिल्या दिवसापासून मला त्यानं ताई करून टाकलं. त्या एका शब्दानं मी वयस्कर होऊन एका बाजूला गेले आणि तो आणि मॅडम दुसऱ्या बाजूला, असं मला वाटायचं. खरं तर मॅडम माझ्याहून कितीतरी मोठ्या होत्या, पण जळणाऱ्या माणसाला हिशेब कुठला कळायला.

आणि मी जळत होते. आडपडदा कशाला ठेवू? माझं लिहिणं वाचून झालं की मॅडम म्हणायच्या, "भाषा छान आहे, वृंदा." पानातली भाजी तशीच टाकून उठताना माणसं 'छान झाली होती' म्हणतात ना, त्यातलं ते छान. अक्रमला त्या कधीच छान म्हणाल्या नाहीत. त्याला म्हणायच्या, "पुन्हा सांग." एकदा, फक्त एकदा, मला त्यांच्या तोंडून 'पुन्हा सांग' ऐकायचं होतं. त्यासाठी मी घरी गेमचं यंत्र आणून बसवलं आणि रोज सकाळी उठून सराव करू लागले. माझा नायक भिंतीला डोकं लावून जागच्या जागी चालत राहायचा.

मॅडमची शिकवायची एक पद्धत होती. तयार झालेला तुकडा बाहेरच्या माणसाला खेळायला द्यायचा आणि ज्यानं तो लिहिलाय त्यानं मागे स्टुलावर बसायचं. बोलायचं नाही, खाकरायचं नाही, 'जरा थांबा, पुढे मजा आहे' असं तर मुळीच सांगायचं नाही. त्या स्टुलावर बसून मी माझे संवाद मरताना पाहिले. लोक पुढे जायचं बटण दाबतात हो. बाई दुःख सांगायला तोंड उघडते आणि ते बटण दाबतात. मालिकेत निदान जाहिरात लागल्यावर उठायचे. अक्रमच्या ओळी दाबायच्या आतच संपलेल्या असायच्या आणि ऐकणाऱ्याचा अंगठा तसाच वर राहायचा. तो अंगठा बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दसरा झाल्यावर मॅडमनी आम्हाला शेवटचं काम दिलं. खाडीकाठी एक फाटा. एक वाट जाते मिठागराला आणि दुसरी बत्तीवाडीला, म्हणजे दीपगृहाच्या गावाला. मिठागर मी लिहायचं, बत्तीवाडी अक्रमनं. येत्या शनिवारी जवळच्या कॉलेजातली मुलं खेळायला येणार होती. एका वेळी एकच गाव होईल एवढाच वेळ प्रत्येकाला मिळणार. त्यावरून काय ते ठरवू, असं त्या म्हणाल्या. दोघांनाही अर्थ कळला.

"आणि फाट्यावर एक म्हातारी बसते," त्या पुढे म्हणाल्या. "सुकट विकते. वाट विचारली की सांगते. ती वृंदा लिहील."

मी चमकून बघितलं. वाट दाखवणारीच माझ्या हातात दिली होती. तिनं नुसतं म्हटलं असतं, बाई गं, बत्तीवाडीला रोगाची साथ आहे, की झालं काम. हे माझ्या मनात आलं नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. अक्रमच्याही मनात आलं असावं. जिना उतरताना तो हसत म्हणाला, "ताई, चार माणसं आमच्याकडं पण लावून द्या वो."

त्याच्या त्या बोलण्यानं माझा निश्चय झाला. जिंकायचं तर स्वच्छ जिंकायचं. उद्या कुणी बोट दाखवून म्हणता कामा नये की वृंदा देवस्थळीनं माणसं आपल्याकडे वळवून घेतली. घरी बसून मी म्हातारी लिहिली आणि बत्तीवाडीचं असं कौतुक केलं की बस. लिहिताना दातावर दात दाबलेले होते, पण हात आखडता घेतला नाही. वाचून बघितलं आणि मलाच माझं कौतुक वाटलं. एवढं मोठं मन आपल्याकडे आहे, हे मला माहीत नव्हतं.

म्हातारी म्हणत होती:

"बत्तीवाडीला जातेस? जा हो, अवश्य जा. फार सुंदर गाव. माणसं तर इतकी चांगली, इतकी चांगली, की बोलायची सोय नाही. मिठागरात काय आहे? नुसतं मीठ. बत्तीवाडीला बत्ती आहे. सगळ्यांना तीच दिसते. दिसणारच की, एवढी उंच आहे. आमचं काय, आम्ही आपल्या इथंच. तू जा."

मी ते आधी अक्रमला दाखवलं. त्याचं गाव आदल्याच दिवशी मॅडमकडे देऊन झालं होतं. तो वाचून अवघडला. एवढं कशाला ताई, मिठागराला नुसतं मीठ कशाला म्हणायचं, असं काहीतरी पुटपुटला. त्याचे डोळे खरंच भरून आल्यासारखे झाले होते. मग मॅडमनी वाचलं. वाचून चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा चष्मा लावून वाचलं. छान म्हणाल्या नाहीत. 'पुन्हा सांग' पण म्हणाल्या नाहीत.

"यातलं एक अक्षरही बदलू नकोस," एवढंच म्हणाल्या.

शनिवारी सकाळी मुलं आली. पहिली होती केस बारीक कापलेली एक मुलगी. अक्रम आणि मी मागे दोन स्टुलांवर बसलो. मॅडम दाराशी. खेळातली पोर चालत फाट्यावर आली, म्हातारी बोलायला लागली. मुलीनं बटणावर अंगठा ठेवला होता तो काढला. पूर्ण ऐकलं. मग खुदकन हसली आणि मिठागराच्या वाटेला लागली.

अक्रमनं स्टुलावर जरा बूड हलवलं. एक मुलगी गेली, त्यात काय एवढं.

दुसरा मुलगा आला. त्यानं म्हातारीचं ऐकलं, वळला, चार पावलं जाऊन परत आला आणि तिच्याशी पुन्हा बोलला. तिनं तेच सांगितलं. त्यानं तिसऱ्यांदा ऐकलं. "नको बाबा," असं स्वतःशीच म्हणून तोही मिठागराला गेला. त्यानंतरची मुलगी तशीच. त्यानंतरचा मुलगा बत्तीवाडीच्या वाटेवर थोडा गेला, थांबला, मागे म्हातारीकडे बघितलं आणि परत फिरला. एकामागून एक सगळी पोरं येत होती आणि सगळी मिठागराला जात होती. मी एवढं कौतुक केलेल्या गावात कुणी पाऊल टाकायला तयार नव्हतं.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, खोटं कशाला बोलू, पण तो घशाखाली उतरेना. शेजारी अक्रम दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसला होता. त्याला बोलायची बंदी, मलाही बंदी. मी काही केलं नाही रे, असं मला सांगायचं होतं आणि सांगता येत नव्हतं.

सगळं झाल्यावर मॅडमनी मुलांना चहा दिला आणि विचारलं, "बत्तीवाडीला कुणीच का गेलं नाही?"

मुलं एकमेकांकडे बघून हसली. बारीक केसांची मुलगी म्हणाली, "ती म्हातारी मॅम. ती जा जा म्हणते, पण तिला आम्ही जायला नकोय."

"तिनं तर कौतुक केलं."

"तेच ना. माझी मावशी आमच्या घराबद्दल अस्संच बोलते. तुमचं काय बाई, तुमचा तिसरा मजला, तुम्हाला वारा येतो. मग आई दोन दिवस गप्प असते."

दुसरा मुलगा म्हणाला, "तिथं तिचं कुणीतरी आहे. बहीण वगैरे. लहानपणापासून सगळे त्या बहिणीचंच कौतुक करत असणार. मी तीनदा विचारलं तिला, पण सांगत नाही म्हातारी. मला मिठागराशी काही घेणं नव्हतं खरं तर. तिच्याबद्दल काही कळतंय का, म्हणून मी तिकडे गेलो."

मग सगळीच बोलायला लागली. म्हातारीचं त्या गावाशी काय बिनसलंय, ती फाट्यावरच का बसते, तिला बत्ती एवढी का खुपते. माझ्या मिठागराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मी कपाळावरचा घाम पुसला. भर सकाळी, अनोळखी पोरांसमोर, कुणीतरी माझं पोट उघडून टेबलावर ठेवल्यासारखं झालं होतं, आणि त्या पोरांना ते माझं आहे हे ठाऊकही नव्हतं.

मुलं गेली. अक्रम खाली चहाचे कप द्यायला गेला. मॅडमनी मला समोर बसवलं.

"मी मुद्दाम केलेलं नाही," मी आधीच म्हणाले.

"मला माहीत आहे. मुद्दाम केलं असतंस तर लोक झक्कत बत्तीवाडीला गेले असते. तिकडे जाऊ नका म्हटलं की खेळणारा पहिला तिकडेच जातो." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "तुला अक्रमचा हेवा वाटतो."

मी टेबलावरची पेन्सिल उचलून पुन्हा ठेवली.

"वाटू दे. इतके दिवस तू दुःख लिहीत होतीस, आणि ते दुःख तुझं नव्हतं. ऐकीव होतं. परवा पहिल्यांदा तू काहीतरी लपवायला बसलीस. म्हातारी सगळं गोड बोलते, आणि जे बोलत नाही ते शेवटच्या पोरापर्यंत ऐकू जातं. हे मला शिकवता येत नाही, वृंदा. मी आता कथाच बदलणार आहे. भाऊ राहील, पण गेम त्या म्हातारीचा होईल. जागा तुझी."

मी ज्यासाठी तडफडत होते ते हातात पडलं होतं. मी विचारलं, "आणि अक्रम? त्याचं गाव तर कुणी बघितलंच नाही."

"मी बघितलंय. फार चांगलं आहे. हैदराबादला माझ्या ओळखीचे लोक आहेत, त्यांना मी त्याचं काम पाठवलं, ते त्याला घेतायत. त्याचं कुठेही चांगलं होईल." त्यांनी कागद आवरले. "तू मात्र एक कर. तो गेला की बत्तीवाडी एकदा खेळून बघ. आणि हे जे दुखतंय ना तुला, ते इतक्यात बरं होऊ देऊ नकोस. ती म्हातारी अजून बरीच लिहायची आहे."

अक्रम दिवाळीआधीच गेला. जाताना बाकरवडीचा पुडा घेऊन माझ्या टेबलाशी आला. "ताई, तुमची म्हातारी लई भारी वो," तो म्हणाला. "सगळं गाव ओस पाडलं की माझं." आणि हसला. त्या हसण्यात टोमणा कुठे आहे ते मी बघत राहिले. मग तो जिना उतरून गेला.

दुपारी सगळे जेवायला खाली गेल्यावर मी त्याच्या यंत्रावर बसले. फाटा आला. म्हातारी तोंड उघडतेय तोवर मी पुढे जायचं बटण दाबलं आणि बत्तीवाडीची वाट धरली.

गाव उतारावर होतं. प्रत्येक घराच्या खिडकीत एक दिवा, समुद्रावर गेलेल्या माणसासाठी लावलेला. एकाच खिडकीतला विझलेला. त्याबद्दल कुणी काही सांगत नव्हतं, कुणी काही मागत नव्हतं. मी शेजारच्या घरातून दिवा आणून तो लावला. कुणी आभार मानले नाहीत, बक्षिसाची शिट्टी वाजली नाही, काही मिळालं नाही. फक्त त्या घराचं बंद दार बोटभर उघडलं. माझ्या मिठागरापेक्षा हे चांगलं होतं. ते मला पहिल्या वळणावरच कळलं आणि पोटात नेहमीचं दुखायला लागलं. त्या दुखण्याची मला आता सवय झाली होती.

पायऱ्या चढून मी वर गेले. वर बत्ती सांभाळणारा एक माणूस काच पुसत होता. त्याच्याशी बोलले.

"मिठागर बघून आलीस काय?" तो म्हणाला. "न्हाई? मग आधी तिकडं जाऊन ये. तिथली बाई जरा तिखट हाय, पण मीठ असं पिकवती की समुद्रानं मागून न्यावं. मी अजून तिचं बघून बघून शिकतोय. माझ्या बत्तीचं काय, ती हितंच हाय. तू जा, लई चांगलं हाय तिकडं."

मी थांबले. मिठागराची बाई म्हणजे मीच. पुन्हा त्याच्याशी बोलले. त्यानं तेच सांगितलं. मी तिसऱ्यांदा बोलले. आता मी लिहिणारी होते, गोड बोलण्याच्या पोटात काय असतं ते मला माहीत होतं. मी एकेक शब्द उलटा करून पाहिला. 'जरा तिखट'मध्ये असेल, 'बघून बघून'मध्ये असेल, कुठेतरी एवढंसं कुसळ असेलच. काही नव्हतं. दोघांपैकी एकालाच राहायचंय हे ठाऊक असताना त्यानं हे लिहिलं होतं, माझ्या म्हातारीची एक ओळही वाचायच्या आधी, आणि जे लिहिलं होतं तेच त्याच्या मनात होतं. त्याला माझा हेवा वाटत नव्हता. कधीच वाटला नव्हता.

त्याच्या लिहिण्याचा हेवा मी केला होता, मॅडमच्या मायेचा केला होता, तो अंगवळणी पडला होता. पण हे आत्ताचं वेगळं होतं. कुणाचाही हेवा न वाटता तो माणूस रात्री गाढ झोपत असेल, आणि ते मला कितीही शिकले तरी येणार नव्हतं. मला त्याचा इतका हेवा वाटला की स्क्रीन धूसर झाली.

खालून जेवणाच्या ताटांचे आवाज येत होते. माझ्या हातातली पोर वळली. मी वळवली असं मला म्हणवत नाही. बत्तीवाडीच्या पायऱ्या उतरून ती मिठागराकडे चालू लागली, माझ्याच गावाला, अक्रमच्या शब्दावर विश्वास ठेवून.